ती घरी असते

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या मालवाहतुकीच्या कंपनीत बायकांसाठी घरून कामाची पॉलिसी आणली ती मी, एचआरच्या रसिकाने. साहेबांशी भांडून आणली. त्या दिवशी नौपाड्यात घरी पोचल्यावर नवऱ्याला पेढा भरवलेला, एवढी मी खूश. काय ते स्वतःचं कौतुक!

पहिला अर्ज दिशा भोईरचा. कल्याणला राहते, मुलगी सान्वी तेव्हा दोन वर्षांची. आमची सगळ्यात चिडकी गिऱ्हाईकं दिशाकडे. माल अडकला की लोक फोनवर आग पाखडायचे आणि ही दहा मिनिटांत त्यांना गार करायची.

घरी मात्र आपण कामावर आहोत हे तिला पटवून द्यावं लागायचं. सासूबाई मायाळू, पण आयुष्यभर शेतात राबलेल्या. बसून बोलणं हेही काम असतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शेजाऱ्यांची पार्सलं हिच्याकडे, गॅसवाला आला की हिलाच हाक. का, तर दिशा घरीच असते. शेवटी पोरीने शक्कल काढली. नऊ वाजता ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालायचं, सहाला काढायचं. ते गळ्यात असेपर्यंत कोणी हाक मारायची नाही. ऐकून मी पोट धरून हसलेले.

यंदा टीम लीडरची जागा निघाली. तीन वर्षं दिशा वाट बघत होती. ती जागा मिळाली तर घरचेही माझ्या कामाला काम म्हणतील, असं मला कितीदा तरी म्हणालेली. मीटिंगमध्ये साहेब यादी वाचताना तिच्या नावापाशी थांबले. ही कोण, कधी दिसत नाही, म्हणाले. जेवणाची वेळ झालेली, मी घाईत होते.

"ती घरी असते," मी म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं. जागा रोज ऑफिसात दिसणाऱ्या सिद्धेशला गेली. त्याला काम शिकवलेलं दिशानेच. तिच्या कामाचे सगळे कागद माझ्यासमोर पडलेले, तरी मी गप्प. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, आणि नेमकी हवी तेव्हा ती जीभ टाळ्याला चिकटली. साहेबांशी पुन्हा कशाला वाजवून घ्या, असंही मनात आलं असणार. लाज वाटते सांगायला.

दिशाला मीच फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, कबूल केलं की मन हलकं होईल. कसलं हलकं!

ती म्हणाली, "मी काय करते ते सासूबाईंना कळत नाही, मॅडम. तुम्हाला तर माहीत होतं."

सोमवारपासून ती रोज ऑफिसला येऊ लागली. सान्वी रडते, पण येते. दिशाचं काय झालं ते कळल्यावर महिन्याभरात घरून काम करणाऱ्या बाकीच्या चौघीही एकेक करून सवलत सोडायचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. एकही भांडली नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.