हसरा चेहरा

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'आपल्या सोयीसाठी देखभाल सुरू आहे.' खरं तर रक्तपेढ्यांची माहिती देणारा आमचा सर्व्हर रात्रीच्या देखभालीत पुन्हा कोसळला होता. बॅकअप आणि अपडेट एकाच वेळी सुरू होऊन मेमरी संपत होती. साहेबांना फोनवर सांगितलं, तर ते जांभई देत म्हणाले, "रीस्टार्ट कर. या वेळी कोण बघतंय?"

तेवढ्यात मदतीच्या फोनवर एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "लेकीला रक्त हवंय हो. इथे नुसतं हसू दिसतंय." मी रक्तपेढ्यांना फोन करून त्यांना रक्त मिळवून दिलं. पण त्या चेहऱ्याची शिसारी आली. किती निर्लज्ज असते ही सभ्यता! मी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि कुणालाही न विचारता बॅकअप आणि अपडेटच्या वेळा वेगळ्या केल्या. सर्व्हर टिकला.

सकाळी साहेब तसंच हसत म्हणाले, "बघ, रीस्टार्टनं भागलं की नाही?" मला त्यांच्याकडे बघवेना.