चार जादा कम्प्युटर

"मॅडम, अर्ध्या तासात पेपर, अन् अजून चार पोरं आलीत. चार कम्प्युटर लावून द्या!" संचालक सर दारातूनच ओरडले.

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी सिस्टिमचं काम बघायचे. हुशार पोरांच्या स्टार बॅचची निवड ऑनलाइन चाचणीवर व्हायची. पूर्वी एकेका मशीनवर सॉफ्टवेअर चढवण्यात आठवडा जायचा. मी एकच मशीन नीट तयार करून त्याची हुबेहूब कॉपी बाकीच्यांवर उतरवायला लागले. त्याला आम्ही इमेज म्हणतो. आठवड्याचं काम एका दुपारवर आलं. लई मिरवले मी त्यावर.

कॉपीनंतर प्रत्येक मशीनला वेगळा नंबर द्यावा लागतो, कारण उत्तरं त्या नंबरावर जमा होतात. त्या दिवशी घाईत मी चालू मशीनचीच कॉपी चार मशीनवर उतरवली. तीन मशीनना नंबर दिले, तेवढ्यात पोरं आत आली. चौथं त्या चालू मशीनच्याच नंबरावर राहिलं.

चौथ्यावर देगलूरची एक मुलगी बसली. निकालात तिचे निम्मे प्रश्न कोरे. स्टार बॅच गेली. तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडं आले.

"मॅडम, सगळा पेपर सोडवला म्हणून राहिली पोरगी. जरा बघता का?"

लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेली नोंद, उघडायची होती फक्त. मी जागची हललेसुद्धा नाही. "काका, जे दाबलं तेच कम्प्युटर दाखवतो."

ते मुलीकडं वळले. "ऐकलंस? आता तरी खरं बोल."

ती वळून बाहेर गेली.

महिन्याभरानं पुढच्या चाचणीची तयारी करताना एकच नंबर दोन मशीनवर दिसला. त्या दिवशीची लॉग उघडली. दुसऱ्या मुलाची उत्तरं, त्याच्या कोऱ्या जागांसकट, देगलूरच्या मुलीच्या उत्तरांवर चढली होती. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बोलवा तिला, जागा करू."

मी फोन केला. वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लई बोललो हो मी तिला. तिनं सायन्स सोडलं. तुमीच सांगा तिला." त्यांनी फोन तिच्याकडं दिला.

"बाळा, तू खरं बोलत होतीस. चूक माझी होती. ये परत."

"पप्पांना सांगितलं का?"

"हो."

"मग झालं. मला न्हाई यायचं." तिनं फोन ठेवला.

आता नंबर दिल्याशिवाय आमचं मशीन सुरूच होत नाही. तक्रार आली की मी आधी लॉग उघडते, मग तोंड. दोन मिनिटं लागतात.