पाचपैकी तीन

मुक्ता सबनीस म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चुका दाखवून काम थांबवायचं, याचाच तिला पगार मिळतो आणि ऑफिसात सगळे तिचं मुकाट ऐकतात. वैताग आहे तो मराठी मंडळाचा. हिमस्खलनाचे तीन कोर्स केलेत म्हणून दर हिवाळ्यात मंडळींना बर्फाच्या डोंगरात न्यायचं काम तिच्याच गळ्यात पडतं, आणि दर वेळी तिचंच डोकं खाल्लं जातं.

त्या शनिवारी हिमस्खलनाचा धोका तीन नंबरवर होता.

"पाचपैकी तीन म्हणजे मधलंच की!" मंडळातला दत्ता म्हणाला.

"अरे, तीनलाच सगळ्यात जास्त माणसं मरतात. चारला कुणी घराबाहेर पडत नाही," मुक्ता करवादली. "झाडी संपेपर्यंतच जायचं. पुढे एक पाऊल नाही."

"गेनाऊ, गेनाऊ," दत्तानं जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणत मान डोलावली. "पण नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलोय हो आम्ही!"

झाडी संपली तशी तिनं सगळ्यांना थांबवलं. तरी फोटोसाठी म्हणून दत्ता समोरच्या उघड्या उतारावर गेलाच, आणि त्याच्यामागे आणखी चौघं. तेवढ्यात त्यांच्या पायाखालचा बर्फ धप्पकन खचला आणि एक भेग सरसर वर पळत गेली. आतला थर कोसळला होता. उतार जागेवर राहिला तो निव्वळ नशिबानं. आता तरी यांना कळलं असेल, असं म्हणत मुक्तानं जोरजोरात हात हलवून त्यांना मागे बोलावलं.

तिकडून टाळ्या आल्या. पाठोपाठ दत्ताचा खणखणीत आवाज: "वन्स मोअर!"