आबांच्या टाचेवरच्या मुंग्या

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पुणतांब्याजवळ वस्तीवर राहते, रात्री-अपरात्री लाईट येईल तेव्हा विहिरीवर मोटार चालू करायला एकटी जाते… कधी काही दिसलं नाही. हा अनुभवही भुताचा नाही, मुंग्यांचा आहे. लिहितानासुद्धा शिसारी येतेय.

माझे सासरे, आबा, गेल्या उन्हाळ्यापासून अंथरुणावर आहेत. जुनी शुगर, त्यामुळे पावलं बधिर. डाव्या टाचेची जखम भरून वर कोरडी, घट्ट कातडी आली होती. एका सकाळी चादर उचलली, तर टाच दिसेचना… लाल मुंग्यांचा वळवळणारा गोळा. आबा निवांत चहा पीत होते.

"मला काय बी कळत न्हाई गं," म्हणाले.

फडक्याने गोळा पुसला. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाण्यावर मेलेल्या मुंग्यांची साय धरलेली, आणि तिच्यावरून बाकीच्या चाललेल्या. पाणी ओतून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घातलं, तर भिंतीवरून मच्छरदाणीच्या दोरीवर आल्या. दोरी सोडली, तर वरच्या पत्र्यावरून नेमक्या टाचेवर पडायला लागल्या. एक वाट बंद केली की रांग जागीच थांबायची, घोटाळायची… आणि थोड्या वेळात सगळ्याच्या सगळ्या नव्या वाटेनं. हुकूम देणारी कोणी दिसायची नाही. उजव्या पायाला किंवा उशाशी ठेवलेल्या बिस्किटांना एकही शिवली नाही.

शेवटी आबांना अंघोळ घातली, धुतलेले कपडे चढवले आणि श्रीरामपूरला दिरांच्या फ्लॅटवर नेलं. तिसरा मजला, चकाचक फरशी. दुपारी धाकट्या जावेनं हाक मारली. खिडकीपासून पलंगापर्यंत रांग, टाचेवर तोच गोळा.

"ताई, मुंग्या पण सामानात भरून आणल्या का?" असं म्हणाली आणि मोरीत जाऊन ओकली.

तेव्हा डोक्यात आलं — आपण सगळे मुंग्याच बघतोय, टाच कोणी बघतच नाही. आबांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, वास घेतला. वरून सगळं ठीक होतं. मी हटून बसले म्हणून त्यांनी चीर दिली. आत हाडापर्यंत पू. अजून उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता, म्हणाले.

पाय वाचला. त्यानंतर एकही मुंगी नाही. डॉक्टर म्हणतात, वास लागला असेल. पण जखम उघडी होती, वाहत होती, तेव्हा एकही फिरकली नव्हती. कातडी मिटल्यावरच का आल्या? दिरांच्या घरात कधी मुंगी नव्हती, तिथं कुठून आल्या? धाकटी जाऊ म्हणते, देवानं पाठवल्या. म्हणू दे. गोळा तिनं पुसलेला नाही.

आता रोज सकाळी मी आबांची पावलं बघते. परवा ते म्हणाले, "आता त्या येत न्हाईत. मग आत काय चाललंय ते कोन सांगनार?"

मी टाच दाबून पाहिली. कोरडी, घट्ट, स्वच्छ… तेव्हाही अशीच होती.