गेरूची दोरी

परवा दार बसवायला सुतार आला. त्याने दोरी ओल्या गेरूत बुडवून फळीवर ताणली, उचलून सोडून लाल रेघ उमटवली, आणि त्या वासासरशी मी एकदम दहा वर्षांची होऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, आबांच्या अर्धवट होडीपाशी जाऊन उभी राहिले.

माझे वडील, आबा, होड्या बांधायचे. नव्या होडीच्या कण्यावर पहिली रेघ घरच्या थोरल्या मुलाने मारायची, ही आमची रीत. दादा नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मे महिन्याच्या सुट्टीत आला होता. वाडी जमली होती. त्याने ताणलेली दोरी चिमटीत धरून वर उचलली, पण सोडेना. बोटं थरथरत होती.

“चुकली तर?”

“चुकली तर पुसू नि परत मारू,” आबा म्हणाले.

“तिकडे पुसू देत नाहीत, आबा. एक डाग पडला तरी सगळ्यांसमोर ड्रॉइंगचा कागद फाडतात.”

“सायेब झालाय तो, हात मळतील त्याचे!” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मीच हसले. रेघ शेवटी आबांनीच मारली.

पुढे रोज जेवताना दादा “आबा, मला...” एवढंच म्हणायचा आणि थांबायचा. ते वाक्य आज मला पुरं करता येतं. तेव्हा ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. वाडीतला पहिला इंजिनिअर होणार होता तो.

कॉलेज उघडायच्या आधी आम्ही त्याला बोटीवर सोडायला गेलो. धक्क्यावरून सगळे हात हलवत होतो. त्याने मात्र दोन्ही हात शेवटपर्यंत खिशातच ठेवले.

मला वाटलं, केवढा हा रुबाब!