नव्वद दिवसांचे अठ्ठेचाळीस कसे झाले

रक्कम एक लाख आठ हजार रुपये होती. ती जमवायला चार वर्षं लागली. दिवस नव्वद, म्हणजे दिवसाला बाराशे. खोलीला साडेचारशे, जेवणाला तीनशे, प्रवासाला साडेतीनशे, उरलेले शंभर किरकोळ. भुसावळला गाडी पकडायची आणि पूर्वेकडे निघायचं, ओडिशा, मग किनाऱ्याने खाली, केरळ, तिथून वर. सोबत कोणी नाही.

तोवर मी जिल्ह्याबाहेर जे काही गेले होते ते लग्नाला, परीक्षेला किंवा दवाखान्यात. एकटीने कुठेही मुक्काम केला नव्हता. वय सदतीस. जळगावातल्या एका दैनिकाच्या संपादन डेस्कवर अकरा वर्षं झाली होती. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली होती. घरी आई आणि मी, दोघीच. आईला यातलं काही माहीत नव्हतं. खर्च पक्का झाला की सांगायचं, असं ठरवलं होतं.

आकडे मी मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून घेतले होते. कमी पैशात देश फिरलेल्यांचे सहा व्हिडिओ आणि दोन लांबलचक लेख. त्यांची सरासरी काढली, वर दहा टक्के धरले. डेस्कवरच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याला, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, तो कागद दाखवला.

नाना म्हणाले, "आधी तीन दिवस कुठेतरी राहून बघ. बाराशेत भागतं का ते कळेल."

"कुठे?"

"धुळ्याला जा."

"धुळ्याला कोण फिरायला जातं?"

"कोणीच नाही. बदली झाल्याशिवाय धुळ्यात पाऊल ठेवत नाही माणूस. म्हणून तर. तिथे बाराशेत भागलं नाही तर कुठेच भागणार नाही."

सूचना बरी वाटली. धुळ्यात माझे नातेवाईक नव्हते. आमच्या धुळ्याच्या बातमीदाराला कळवायचं नाही, ओळखीचा उपयोग करायचा नाही, एवढे दोन नियम ठरवले. आईला सांगितलं की ऑफिसचं काम आहे.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. पाठीवर नवी सॅक, वजन नऊ किलो. एसटीत कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं आणि सॅककडे पाहिलं.

"ट्रेकिंगला का ताई?"

"धुळ्याला."

"धुळ्याला एवढं सामान?"

एरंडोल, पारोळा, धुळे. सव्वाबाराला स्टँडवर उतरले. लॉज समोरच्याच रस्त्यावर होते.

पहिल्या लॉजवर काउंटरच्या माणसाने आधार कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्या मागे दाराकडे नजर टाकली.

"सोबत कोण?"

"कोणी नाही."

"मग नाही जमायचं."

"खोली नाही?"

"खोली शे. एकल्या लेडीजला देत नाही."

दुसऱ्या लॉजवर सांगितलं, फुल आहे. काउंटरमागे लाकडी फळीवर सोळा खिळे होते आणि अकरा किल्ल्या लटकत होत्या. मी त्या मोजेपर्यंत तिथला माणूस थांबला आणि म्हणाला, "त्या साफसफाईच्या आहेत."

तिसऱ्या लॉजवर पन्नाशीचे, जाड चष्म्याचे एक मॅनेजर होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"जळगावच्या ना? मग इथे कशाला राहता? दोन-अडीच तासांचा रस्ता. संध्याकाळपर्यंत बस आहेत."

"मला राहायचंय."

"का?"

पुरुषाला हे विचारलं जात नसावं, असं त्या क्षणी मनात आलं. मग आठवलं, सहाही व्हिडिओ पुरुषांचे होते. दोन्ही लेखही. बातमीत आकडा आला की तो कोणी दिला, हे मी रोज विचारते. अकरा वर्षं विचारत आले. स्वतःच्या कागदावरचे आकडे कोणाचे आहेत, हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी सॅक उचलली आणि बाहेर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. किती वेळ बसले ते नोंदवलेलं नाही.

दुपारी स्टँडमागच्या एका खानावळीत जेवले. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत होते. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "कोठली शे तू?"

"जळगाव."

"मूळ गाव?"

"पहूर."

त्यांचा हात थांबला. "मनी धाकली बहीण पहूरले देयेल शे. कोणाघरनी तू?"

मी घर सांगितलं. बहिणीच्या घरापासून तिसरं दार निघालं. त्यानंतर ताटात आणखी एक भाकरी पडली आणि पैसे काढल्यावर अक्का रागावल्या.

"पैसा ऱ्हाऊ दे. एकली कसाले फिरस पण? रात ले कोठे जाशी? मना घर चाल."

मी नाही म्हटलं. नियम होता. जेवणाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ओडिशात पहूरची कोणी भेटणार नव्हती.

शेवटी महामार्गावरच्या एका हॉटेलने खोली दिली. रिसेप्शनला मुलगी होती. तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "ताई, खालीच देते तुम्हाला, काउंटरसमोर." कर धरून पंधराशे. ठरवलेल्या भाड्याच्या तिपटीहून जास्त, आणि दिवसाच्या सगळ्या खर्चापेक्षा तीनशे वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी तिसऱ्या लॉजवर परत गेले. खोलीसाठी नाही, कारणासाठी. नियम कुठे लिहिलाय, कोणी घातलाय, एवढंच विचारायचं होतं. म्हणून या वेळी आधारऐवजी ऑफिसचं ओळखपत्र काढलं.

मॅनेजरनी चष्मा वर करून पेपरचं नाव वाचलं.

"लिहिलेलं कुठे नाही ताई," ते म्हणाले. "म्हणजे, लिहिलेलं आहे. तुमच्याच पेपरात आहे."

काउंटरवर काच होती. काचेखाली दरपत्रक, एका देवीचा फोटो आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. कात्रण पिवळं पडलं होतं. त्यांनी त्यावर अर्धवट आलेली वही बाजूला केली. दोन कॉलमांची बातमी. शीर्षक: एकट्या महिलेला खोली देणे लॉजचालकाला भोवले.

मी ते तीनदा वाचलं. 'भोवले' हे क्रियापद दोन कॉलमांत बरोबर बसतं. पान अडलं की मी तेच वापरते. धुळ्याचं पान जळगावात आमच्या डेस्कवर तयार होतं, आणि काही वर्षं ते मी पाहत होते.

"ती बाई कोण होती, ठाऊक आहे?" मॅनेजरनी विचारलं. "शिरपूरकडची. सकाळी परीक्षा होती, म्हणून आदल्या दिवशी आली. पोलिसांची तपासणी निघाली, तिला चौकशीला नेलं, दोन तासांत सोडलं. काहीच नव्हतं. लॉज आमच्या शेजारचं. पण छापून आलं. त्याचा धंदा बसला."

"सोडलं, ते नाही आलं?"

"ते तुम्ही सांगा. पेपर तुमचा."

मी कात्रणावरची तारीख लिहून घेतली. मॅनेजरनी पाण्याची बाटली पुढे केली आणि फळीवरून एक किल्ली काढून काचेवर ठेवली.

"घरचं कोणी बोललं तर देतो. मग उद्या कोणी विचारलं तर मला उत्तर द्यायला होतं."

"मी सदतीस वर्षांची आहे."

"असाल ना. माझी बायको एकोणपन्नासची आहे. ती एकटी आली तर तिलाही नाही देणार."

घरचं म्हणजे आई. तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. पण साडेचारशेत खोली कशी मिळते, हे कळल्याशिवाय पुढचा एकही आकडा खरा नव्हता. मी नंबर दिला. त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला.

"मावशी, धुळ्याहून लॉजमधून बोलतोय. तुमची मुलगी इथे—"

"काय झालं तिला?"

"काही नाही झालं. खोली मागतेय."

"मग द्या ना. नाही का तुमच्याकडे?"

"आहे. पण एकटी आहे ती."

"एकटीच असते ती. लग्न कुठे केलंय."

मागच्या बाकावर पेपर वाचत बसलेला माणूस हसला. मॅनेजर हसले नाहीत.

"म्हणून विचारतो. देऊ का?"

नव्वद दिवसांची सहल आईच्या उत्तरावर येऊन थांबली होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

"भाडं किती?"

"साडेचारशे."

"एकटीला तेवढंच आणि दोघांनाही तेवढंच?"

"खोलीचं भाडं आहे मावशी, माणसांचं नाही."

"बरं. द्या. एकटी बघून जास्त लावू नका. आणि तिला द्या फोन."

फोन माझ्या हातात आला. आई म्हणाली, "ऑफिसनं खोली नाही दिली वाटतं."

मी म्हटलं, "घरी आल्यावर सांगते."

"दाराला आतून कडी आहे का बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खोली पहिल्या मजल्यावर होती. कडी होती. दुपारभर मी छताकडे पाहत पडून राहिले. भूक लागली तरी खानावळीकडे गेले नाही. अक्कांनी पुन्हा पैसे घेतले नसते. मॅनेजर चांगले होते, अक्का चांगल्या होत्या, हॉटेलातली मुलगीही. तिघांपैकी कोणीही वाईट वागलं नव्हतं. तरी खोली मला आईच्या शब्दावर मिळाली होती.

तिसऱ्या दिवशी जळगावला उतरून थेट ऑफिसात गेले आणि जुनी पानं काढली. पान सापडलं. पान तयार करणाऱ्याची अद्याक्षरं कोपऱ्यात असतात. ती माझीच होती. त्यानंतरच्या महिन्याभराची पानं पाहिली. तिला सोडून दिल्याची ओळ कुठेही नव्हती. बातमीदाराने पाठवली नसेल. मीही विचारलं नव्हतं.

नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"आठवतं मला," ते म्हणाले. "शीर्षक चांगलं होतं."

"नाना, तिची परीक्षा होती."

त्यांनी पान घडी करून परत दिलं. मग म्हणाले, "बाराशेत भागलं का?"

"तुमचं भागलं असतं," मी म्हटलं.

घरी आईसमोर कागद ठेवला. ती चौथी शिकलेली आहे, पण शेतातल्या केळीचा हिशेब तिनेच ठेवलेला, आकडा तिला समजावून सांगावा लागत नाही. नव्वद दिवस, बाराशे, ओडिशा, केरळ, सगळं तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तीन महिने हा शब्द ती दोनदा म्हणाली. रडली नाही. तिच्या रडण्याची माझी तयारी होती, पुढच्या बोलण्याची नव्हती.

"मग रोज नव्या गावाहून मला लॉजवाल्याचा फोन येणार?"

"बाराशेत जायचं तर येईल."

"हिंदीत?"

"बहुतेक."

"हिंदी येते मला. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांशी मीच बोलायचे." तिने चष्मा काढला. "फोन चार्ज ठेवावा लागेल मग. आणि तुझं वय विचारलं तर तीस सांगू का खरं सांगू?"

ती होकार देत होती. मला हसूही आलं आणि घाबरायलाही झालं. एवढ्या सहज होकाराची कल्पना मी चार वर्षांत एकदाही केली नव्हती. मी कागद उलटा केला आणि मागे दुसरा हिशेब मांडला. खोली पंधराशे, बाकी साडेसातशे, दिवसाला बावीसशे पन्नास. एक लाख आठ हजार भागिले बावीसशे पन्नास. अठ्ठेचाळीस. बाकी शून्य.

"हे काय?" आईने विचारलं.

"जिथे तुला फोन येणार नाही तिथला दर."

"बेचाळीस दिवस गेले की तुझे."

"गेले."

"मी नाही म्हटलं असतं का कोणाला?"

"नाही."

"मग?"

"तुला विचारायलाच नको त्यांनी."

आईने पेन घेऊन भागाकार स्वतः पुन्हा केला. उत्तर तेच आलं. तिने कागद परत दिला नाही, फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला, दुधाच्या हिशेबाशेजारी.

रजेचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. केरळच्या पुढचं सगळं वगळलं. भुसावळहून निघणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना अर्जात प्रवाशांची संख्या विचारतात. तिथे मी एक लिहिलं आणि पैसे भरले.