नाव सांगणारी कौसाबाई

आयुष्यात मला एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे माझ्या अक्षराचा. त्या अक्षराच्या जोरावरच १९५१ साली मला अंबरनाथच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात कारकुनाची नोकरी लागली. कारखान्यात चिनी मातीच्या बरण्या आणि विजेच्या खांबांवर बसवायचे पांढरे गोळे बनत. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत कल्याणहून सकाळी दोन तास येणारे डॉक्टर, दुसरीत कंपाउंडर आणि मी. माझ्यासमोर जाळीची खिडकी आणि पुढ्यात भलंमोठं रजिस्टर.

त्या रजिस्टराला लोक फार मान देत, आणि त्यात नवल नव्हतं. कामगार सगळे बाहेरून आलेले. कुणी जुन्नरकडचा, कुणी साताऱ्याचा, कुणी कोकणातला, आणि शेजारच्या कॅम्पातले सिंधी, जे घरदार मागे टाकून बोटीने आलेले. उल्हासनगर हे नाव कागदावर आलं होतं, पण सगळे कॅम्पच म्हणत. गावाकडे माणूस आजारी पडलं तर हाकेला चार ओळखीची माणसं तरी येतात. इथे बाळंतीण अडली तर कुणाचं दार वाजवायचं हेही ठाऊक नसे, आणि खासगी डॉक्टरची फी ऐकून माणूस ताप घेऊनच घरी परतायचा. म्हणून कारखान्याने दवाखाना फंड काढला होता. दरमहा पगारातून थोडे आणे कापायचे, त्या बदल्यात कामगाराला, त्याच्या बायकोला आणि मुलांना औषध फुकट. दुखणं मोठं निघालं तर मुंबईच्या इस्पितळाला चिठ्ठी, आणि तिथला खर्च फंडाचा. अट एकच, नाव रजिस्टरात हवं आणि ते खिडकीत सांगता यायला हवं.

इथेच घोडं पेंड खायचं. पुरुष पाळीवर असत, तेव्हा दवाखान्यात यायच्या बायका. मी विचारायचो, "नवऱ्याचं नाव?" बाई पदर तोंडाला लावायची. पुन्हा विचारलं की म्हणायची, "बाळ्याचा बा." आता बाळ्याचे बा आमच्याकडे अकरा होते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी त्यांची पक्की समजूत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी पुण्याचा, मॅट्रिक झालेला, आणि डोक्याने तापट. मला हा शुद्ध गावंढळपणा वाटायचा. शिवाय दुसऱ्याच्या नावावर औषध नेणारेही अधूनमधून येत, म्हणून माझा पहारा कडक. "नाव नाही तर औषध नाही. पुढची!" असं ओरडताना मला मोठं कर्तव्य बजावल्यासारखं वाटे. आज आठवलं की लाज वाटते.

कौसाबाई तेव्हा दवाखान्याचं अंगण झाडायची. पन्नाशीच्या आसपासची, जुन्नरकडची विधवा, एकटी, रोजंदारीवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. दिसायचं कमी, म्हणून एकच जागा दोनदा झाडायची. मी तिला अगंतुगं करायचो. "अगं, धूळ उडवू नको" यापलीकडे आमचं बोलणंही नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी तुळशी नावाची पोरसवदा बाई रांगेत होती. सहा महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आलेली. कडेवर वर्षाची मुलगी, आणि त्या मुलीचा श्वास असा भराभर चाललेला की मला जाळीतूनही ऐकू येत होता. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"अगं, नाव सांग, नाहीतर बाजूला हो."

ती खरोखरच बाजूला झाली. भिंतीला टेकून खाली बसली आणि मुलीच्या तोंडावर वारा घालू लागली. मी "पुढची!" म्हणालो. तेवढ्यात कौसाबाईने झाडू टाकला आणि खिडकीशी येऊन जाळीवर हात ठेवला.

"रघु बाळाजी घाडगे. भट्टी खातं. लिवा."

"तुला कोणी विचारलं?"

"तिला इचारलंत न्हवं? तिच्या वतीनं म्या सांगती, चाळीतली शेजारीण हाय माझी. तिचा धनी भट्टीवर हाय. पंधरा दिस झालं, त्याच भट्टीवर एक माणूस भाजून मेला. आता तिनं धन्याचं नाव घ्यावं का लेकराचं औषध? तुमीच सांगा, भाऊसाहेब."

मी पान उघडलं. रघु बाळाजी घाडगे, पत्नी तुळशी, मुलगी एक. माझ्याच सुंदर अक्षरात. मुलीच्या छातीत न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचलं, दिवसभर तिला तिथेच ठेवलं, त्या दिवशी कल्याणला परत गेले नाहीत. संध्याकाळी मुलगी दूध प्यायली तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तुमचं अक्षर सुरेख आहे. पण ही मुलगी ते वाचायला जगली, ती त्या झाडूवालीमुळे." मी रात्री जेवलो नाही.

मग मी हुशारी केली. प्रत्येक कामगाराच्या घरी त्याच्या नावाची चिठ्ठी पाठवली. बायकांनी दाखवायची, बोलायचं काही नाही. महिन्याभरात निम्म्या चिठ्ठ्या पदराच्या गाठीत राहून धुण्यात गेल्या. एका बाईने ती देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं आणि बाहेर काढायला साफ नकार दिला. माझी अक्कल तिथे संपली. दुसऱ्या दिवशी मी खिडकीच्या पायरीवर एक पाट टाकला आणि म्हणालो, "कौसाबाई, तुम्ही बसा इथे." तिला 'तुम्ही' म्हणायची माझी ती पहिली वेळ. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, बहुधा मीच बोललो का ते नीट दिसलं नसावं.

तेव्हापासून अंगण झाडून झालं की दोन तास ती पाटावर असायची. बाई खिडकीशी आली की कौसाबाई खड्या आवाजात नाव, बापाचं नाव, आडनाव आणि खातं सांगायची. मी लिहायचो. दोनशेच्या वर नावं तिला पाठ होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, मग ती पाठ करायची कशी, तर झाडता झाडता. झाडूच्या एका फटकाऱ्याला एक नाव. आधी भट्टी खातं, मग मातीचं, मग रंगाचं. रविवारी कारखान्याच्या चाळीतून हिंडायची आणि नवं बिऱ्हाड दिसलं की उंबऱ्यावर बसकण मारायची. सासू असली तर सासूला विचारायची, नाहीतर शेजारणीला. शेवटी त्या बाईला म्हणायची, "जरा बोल गं चार शब्द." चेहरे तिला दिसत नव्हते. ती आवाजावरून ओळखायची.

कॅम्पातून पोपटीबाई यायची. तिचा नवरा बरण्या पेंढ्यात बांधायच्या खात्यात होता. मराठीचा गंध नाही, आणि नवऱ्याचं नाव घ्यायला तिचीही जीभ रेटेना. मुलाचा हात वर करून नुसती "इसका बाप, इसका बाप" म्हणायची. कौसाबाई एका रविवारी तिच्याबरोबर पार बराकीपर्यंत चालत गेली, शेजाऱ्यांकडून नाव काढलं, आणि सोमवारी खिडकीत "टहलराम" असं काही ठसक्यात म्हणाली की पोपटीबाई चकितच झाली. नंतर त्या दोघींची जी दोस्ती जमली, ती कोणत्या भाषेत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एवढं सगळं होतं, पण तिच्या डोळ्यांचं काय? डॉक्टरांनी एकदा तिला उजेडात बसवून तपासलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकायला आला होता, डावा त्याच वाटेवर. मुंबईत ऑपरेशन करायला हवं, वर्षाच्या आत. मी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता थांबलो. कौसाबाई रोजंदारीवर. फंड कायम कामगारांचा. ज्या बाईच्या तोंडून दोनशे घरांना औषध मिळत होतं, तिच्या स्वतःच्या नावाने एक पुडीसुद्धा निघत नव्हती. मॅनेजरसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, "नियम आहे." आणि पुढचं बोलले नाहीत तरी मला कळलं. आंधळी झाडूवाली कारखान्याच्या काय कामाची? डोळे गेले की नोकरी जाणार, नोकरी गेली की चाळीतली खोली. एकट्या बाईने मग जायचं कुठे?

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू द्या. नावं काय डोळ्यांनी थोडीच सांगायची असत्यात." मला तिचा रागच आला. असल्या वेळी माणसाने निदान दोन शिव्या तरी द्याव्यात. तिच्या वाटच्या शिव्या मीच घरी जाऊन दिल्या.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात फंडाची वार्षिक सभा भरली. हिशेब वाचून झाले, लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात भट्टीवरचा रघु घाडगे उभा राहिला. या माणसाला मी तीन वर्षांत चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "मला सभेत बोलता येत न्हाई. माझी पोर जगली ती कौसाबाईमुळं. ती बाई कायम त्या खिडकीत माझं नाव घेती. आज म्या तिचं घेतो. कौसाबाईचं नाव फंडात घाला." आणि मटकन खाली बसला.

मॅनेजरसाहेबांनी पुन्हा नियम काढला. मागून टहलराम ओरडला, "नियम बदलो ना साब, पैसा तो हमारा कटता है!" आणि मग हात वर व्हायला लागले. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ठराव झाला की तीन वर्षांहून जास्त राबलेला रोजंदार कामगारही फंडात यावा. कौसाबाईबरोबर आणखी सतरा माणसं आत आली. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या कंपाउंडरला मिठी मारली. तो मला फारसा आवडत नसे.

ऑपरेशन नीट झालं, उजव्या डोळ्याला चांगलं दिसू लागलं, हे मी आत्ताच सांगून टाकतो. मला गोष्ट ताणायला आवडत नाही, आणि मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरात नवं पान काढलं. बाहेर रांग होती. कौसाबाई पहिल्यांदाच पाटावरून उठून खिडकीसमोर उभी राहिली. हजेरीपटावर तिचं नाव नुसतं 'कौसाबाई झाडूवाली' असं होतं. इस्पितळाला पूर्ण नाव लागतं. मी कौसाबाई एवढं लिहिलं आणि टाक थांबवून, सवयीने, विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तिने पदर तोंडाला लावला. रांगेतल्या बायकांना गंमत वाटली. तुळशी हसून म्हणाली, "आता कसं, मावशे!" पण कौसाबाई बोलेचना, आणि हसू विरून गेलं. दोनशे बायकांच्या नवऱ्यांची नावं जिने घेतली, तिच्या नवऱ्याचं नाव तिथे एकालाही माहीत नव्हतं.

"राहू द्या," मी घाईने म्हणालो. "ती जागा रिकामी सोडतो. चालून जाईल."

"नगं," ती म्हणाली. "रिकामी नगं."

मग जाळीला धरून, माझ्याकडे न बघता, ती बोलली. "गोदीवर हमाल हुता. वरनं पेटी पडली. लोकांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात टाकला. मला गावाला सांगावा आला, म्या एकलीच आली. खिडकीतल्या बाबूनं इचारलं, कुणाला भेटायचंय. म्या म्हनली, माझ्या मानसाला. उंच हाय, कानाला खोक हाय. त्यो म्हनला, नाव सांग. माझी जीभ उचलंना. म्हनलं, तो आत मरनाच्या दारात, आन म्या नाव घेऊन त्याला आनखी ढकलू? तीन दिस भाईर पायरीवर बसली. चवथ्या दिशी त्याच्यासंगचा हमाल आला, त्यानं नाव सांगितलं. तवा कळलं, कालच गेला. शुद्धीवर हुता. सारखा दाराकडं बघायचा म्हनं."

आज खिडकीत मी होतो. मी ज्या जागी बसलो होतो तसल्याच जागी तो बाबू बसला होता.

"नाव घेतलं की आयुष्य तुटतं म्हंत्यात," कौसाबाई म्हणाली. "म्या न्हाई घेतलं." मग तिने पदर डोक्यावर नीट केला. "लिवा. जनू. कौसाबाई जनू शिंगोटे."

मी लिहिलं. रजिस्टरात यापेक्षा वाईट अक्षर मी कधी काढलं नसेल.

"वाचा."

मी वाचलं.

"मोठ्यानं वाचा, भाऊसाहेब. मला दिसत न्हाई."

मी उभा राहून वाचलं. रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आठ दिवसांनी तुळशी आणि मी तिला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेलो. फंडाची चिठ्ठी खिडकीत दिली आणि तिघं बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. तिने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. तासाभराने दारात एक माणूस आला आणि कागदात बघत त्याने पुकारा केला, "कौसाबाई जनू शिंगोटे!"

"ओ!" ती म्हणाली, इतक्या जोराने की पायऱ्यांवरची सगळी माणसं वळून बघू लागली. मग माझी बाही सोडून ती उठली आणि आत गेली.